कादंबरीत पाणी कोण भरतं?

पुस्तकांवर मत देणारा मनुष्य साधारणपणे एम. ए. असतो. अगदीच नसला, तर एम. ए.चा फॉर्म भरून परीक्षेला न बसलेला तरी असतो. मी बी. कॉम. आहे, तेही दुसऱ्या वर्गात, आणि गेली २२ वर्षं एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून आहे. हल्ली आम्हांला कारकून न म्हणता 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणायचं असं ठरलं आहे. पण त्यामुळे खिडकीपलीकडच्या गिऱ्हाइकाने 'अहो मिस्टर, झोप लागली का?' असं विचारायचं काही सोडलेलं नाही. तेव्हा साहित्याबद्दल मी तोंड उघडावं हे एरवी नियमात बसत नाही. पण बँकेत राहून माणसाला एक खोड लागते. समोर कागद आला की तो अक्षर नंतर पाहतो, आधी बेरीज पाहतो. गेल्या दीडेक वर्षात मी ज्या कादंबऱ्या वाचल्या, आणि कन्येच्या कृपेने ज्या चित्रांच्या कादंबऱ्या वाचल्या (त्यांना ग्राफिक नॉव्हेल म्हणायचं, 'कॉमिक' म्हटलं की ती जेवत नाही), त्या सगळ्या मी ह्याच खोडीने वाचल्या. काहींची बेरीज जुळली, काहींची नाही. त्याचा हा ताळेबंद.

मुळात आपल्याकडे पुस्तकाबद्दल खरं मत सांगायची पद्धत नाही. लग्नाच्या पंगतीतून उठलेल्या पाहुण्यासारखं आपण 'छान होतं' म्हणतो आणि हात पुसत बाजूला होतो. फारच आग्रह झाला, तर 'लेखकाने मेहनत मात्र घेतली आहे' असं म्हणतो. म्हणजे मठ्ठा बरा होता, असं समजावं. भालचंद्र नेमाड्यांची 'हिंदू' २०१० साली आली तेव्हा आमच्या शाखेतल्या चौघांनी ती विकत घेतली. चौघांचंही मत एकच पडलं, की कादंबरी फार मोठी आहे. हे मत पुस्तक नुसतं उचलूनही देता येत होतं, त्यामुळे त्यावर वाद झाला नाही. मी ती हल्ली, दोन पावसाळ्यांत मिळून, हार्बर लाइनवर वाचली. माझं विचाराल तर खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननात रमला की मला कॉटन ग्रीनपर्यंत उभ्याउभ्या डुलकी लागते. पण तोच मोरगावच्या घरात शिरला, की वडाळ्याला उतरणाऱ्यांना वाट द्यायचंही माझ्या ध्यानात राहत नाही. कारण त्या घरात राबतं कोण आणि रुबाब कोणाचा, हे लेखकाला नेमकं ठाऊक आहे. पुस्तकाच्या नावातच 'अडगळ' हा शब्द घातलेला असल्यामुळे अडगळीबद्दल तक्रार करायला वाव ठेवलेला नाही, ही नेमाड्यांची हुशारी.

आता माझी कसोटी सांगतो. त्यासाठी आधी पत्ता सांगायला हवा.

मी शीव कोळीवाड्याचा. स्टेशनच्या पाटीवर 'गुरु तेग बहादूर नगर' लिहिलेलं असलं, तरी जुनं माणूस अजून 'कोळीवाडा'च म्हणतं. एका अंगाला मूळचे कोळी, दुसऱ्या अंगाला फाळणीनंतर इथे येऊन वसलेले पंजाबी नि सिंधी. मुंबईभर 'कोळीवाडा' ह्या नावाने जी लालभडक तळलेली कोळंबी मिळते, ती म्हणजे आमच्याकडच्या ह्या दोन शेजाऱ्यांचा समझोता आहे. त्या दोघांच्या मध्ये आम्ही कारकून-वर्ग, वरणभात खात बसलेला. आमच्या इमारतीत भाषा तीन, देव पाच-पन्नास आणि नळ एक.

नळाला पाणी पहाटे साडेचारला येई आणि सहाला जाई. त्या दीड तासात तिथे जेवढं नागरिकशास्त्र घडे, तेवढं मला पुढे शाळाकॉलेजात मिळून कोणी शिकवलं नाही. कोणाचा हंडा कोणाच्या पुढे सरकला, ह्यावरून सरहद्दीच्या वाटाघाटी होत. आमची आई दुसऱ्या मजल्यावर पाणी नेई. दहा लिटरची कळशी, रोज बारा खेपा. बँकेत लागल्यावर एकदा जेवणाच्या सुट्टीत मी त्याचा हिशेब मांडला. दहा लिटर म्हणजे दहा किलो. रोजचे १२० किलो. वर्षाचे ४३,८०० किलो. वीस वर्षांचे ८७६ टन. मालगाडीच्या एका वाघिणीत साठेक टन माल धरला, तर जवळजवळ पंधरा वाघिणी. वडील गोदीत टॅली क्लार्क होते. जहाजातून उतरणाऱ्या एकेका पोत्याची त्यांच्या वहीत खूण असे, आणि एक पोतं कमी भरलं तर साहेबापर्यंत जाब जाई. आमच्या जिन्यावरून चढलेल्या पंधरा वाघिणींची मात्र कुठल्याच वहीत नोंद नाही.

म्हणून कादंबरी हातात घेतली की पहिल्या पन्नास पानांत मी एवढंच शोधतो: ह्या घरात पाणी कोण भरतं?

तुम्ही म्हणाल, हा काय हट्ट! पण करून पाहा. आपल्या कितीतरी कादंबऱ्यांत नायिका खिडकीत उभी राहून पाऊस पाहते. पाऊस पाहायला कोणाची ना नाही. पण ती पाहत असताना आत चहा 'येतो', ताट 'वाढलेलं असतं', अंथरूण 'घातलेलं असतं'. कर्ता असा गुपचूप गाळण्याची हातोटी मी आमच्या तपासणी अहवालांखेरीज दुसरीकडे पाहिलेली नाही. बँकेतही रक्कम 'कमी आढळते'. ती कमी केली कोणी, हे वाक्यात नसतं.

ह्या कसोटीवर पहिली घासली ती वि. स. खांडेकरांची 'ययाति'. १९५९ सालचं पुस्तक, पुढे ज्ञानपीठ मिळालेलं. आमच्या आधीची पिढी त्यातली वाक्यं वहीत उतरवून घेत असे, आणि ती वही लग्नानंतर कुठे जाते हे कोणी सांगत नसे. मी परत वाचली. राजा, ऋषी, दासी सगळे एकाच सुंदर भाषेत बोलतात. डोळे मिटून ऐकलं तर कोण कोणाकडे पगारी आहे ते कळणार नाही. पण गंमत पाहा. मूळ महाभारतातली ही सगळी भानगड सुरू होते ती पाणवठ्यावर. देवयानी आणि शर्मिष्ठा पाण्यात खेळायला जातात, वस्त्रांची अदलाबदल होते, शब्दाने शब्द वाढतो, आणि एक दुसरीला विहिरीत ढकलते. आमच्या नळावर ह्याहून क्षुल्लक कारणावरून ह्याहून मोठं रामायण झालेलं आहे. फक्त जवळ विहीर नव्हती. एवढ्या चांगल्या सुरुवातीनंतर माणसं उरलेलं आयुष्य वासना आणि वैराग्य ह्यांत काढतात, आणि राजवाड्याच्या पिंपात पाणी आपोआप भरत राहतं. माझ्या खात्यात 'ययाति'च्या नावे ही रक्कम अजून येणे आहे.

ह्याच्या उलट किरण नगरकरांची 'रावण अँड एडी'. १९९५ साली इंग्रजीत आली, मराठीतही वाचायला मिळते. माझगावची चाळ, वरच्या मजल्यावर ख्रिश्चन, खालच्यांवर हिंदू. तान्हा राम वरून पडतो, खालचा व्हिक्टर त्याला झेलतो आणि झेलताना स्वतः मरतो. इथून दोन पोरांची कथा सुरू होते, आणि पोरगं मागे 'रावण' होऊन राहतं. मी ती लोकलमध्ये वाचत होतो. डॉकयार्ड रोडला गाडी थांबली की पुस्तकातून मान वर करून बाहेर बघायचं, तो माझगाव समोरच. नगरकर कथानक बाजूला ठेवून मध्येच चाळीतल्या पाण्याबद्दल, रांगेबद्दल, त्यावरून होणाऱ्या भांडणांबद्दल बोलायला लागतात. एखादा समीक्षक म्हणेल, हे विषयांतर आहे. मी म्हणतो, बाकीचं सगळं विषयांतर आहे. ज्याला चाळ लिहायची आहे त्याने नळ टाळून पुढे जाऊच नये. कादंबरी मधूनमधून स्वतःच्याच विनोदावर खूश होते आणि शेवटाकडे जरा सैल पडते, हेही सांगून टाकतो. पण बेरीज जुळते.

भाऊ पाध्यांच्या 'वासूनाका'ला मी अर्धे गुण देतो, आणि हे सांगताना घाबरत नाही, कारण १९६५ साली ती आली तेव्हा आचार्य अत्र्यांनी तिला जे काही सुनावलं, त्यापुढे माझे अर्धे गुण म्हणजे हारतुरे आहेत. अत्र्यांना त्यात अश्लीलता दिसली. मला त्यात जागेची टंचाई दिसते. पोरं नाक्यावर का? तर घरात पाय पसरायला जागा नाही म्हणून. पोक्याची भाषा आजही ताजी वाटते. आमच्या शाखेतला शिपाई रागावला की तशीच बोलतो. मग गुण का कापले? तर पोक्या जे सांगतो ते नाक्यावरून दिसतं तेवढंच. पोरं रात्री दीडला नाक्यावरून घरी जातात, आणि साडेचारला त्याच घरात जे माणूस उठतं, त्याचं पुस्तक अजून कोणीतरी लिहायचं आहे.

आता चित्रांच्या कादंबऱ्यांकडे येतो.

लहानपणी आमची ह्या प्रकाराशी ओळख झाली ती 'इंद्रजाल कॉमिक्स'मधून. १९६४ साली सुरू होऊन १९९० साली ती बंद पडली. पण त्यानंतरही किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर जुने अंक मिळत. ज्याला आपण वेताळ म्हणायचो, त्याच्या जंगलात शिरायची वाट धबधब्यातून होती. म्हणजे दारात चोवीस तास पाणी! जगभरच्या चाच्यांचा बंदोबस्त करायला त्या गृहस्थाला वेळ कसा मिळतो, हे माझ्या आईला एकदा ते चित्र दाखवल्याबरोबर कळलं.

पण खऱ्या ग्राफिक कादंबऱ्या वाचताना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. लेखक 'दहा बाय बाराची खोली होती' असं लिहून मोकळा होतो. चित्रकाराला ती खोली काढावी लागते. खोली काढायची म्हणजे मोरी कुठल्या कोपऱ्यात, पिंप कुठे, घासलेली भांडी कशावर पालथी घातली आहेत, दोरीवरचे कपडे कोणाचे, हे ठरवावं लागतं. आणि पिंप काढलं की त्याच्याजवळ कोण वाकलं आहे, ह्याचंही उत्तर द्यावं लागतं. गद्य लेखक आपल्याला एकदम एकूण रक्कम सांगतो. चित्रकाराला प्रत्येक रकमेचं व्हाउचर जोडावं लागतं. आमच्यासारख्याला कोण जवळचं वाटेल, तुम्हीच सांगा.

आर्ट स्पीगलमनचं 'माउस' घ्या. पहिला भाग १९८६चा, दुसरा १९९१चा, आणि १९९२ साली त्याला पुलित्झरचा खास पुरस्कार मिळाला. ज्यू म्हणजे उंदीर आणि नाझी म्हणजे मांजरं. सौ.ने नुसतं मुखपृष्ठ पाहून 'घरात कमी आहेत का?' असा अभिप्राय दिला. पण हे पुस्तक मुळात हिशेबाचं आहे. छळछावणीतून वाचलेला म्हातारा बाप काडीपेटीतली काडी वाचावी म्हणून दिवसभर गॅस पेटता ठेवतो, कारण गॅसचं बिल भाड्यात धरलेलं आहे. अर्धं वापरलेलं किराणा सामान दुकानात परत नेऊन देतो. मुलगा शरमेने मरतो. आणि हाच बाप छावणीत बूट कसा शिवला, लपायची जागा कुठे केली होती, हे मुलाला बारकाव्यांनिशी सांगतो, आराखडा काढून दाखवतो. कारण त्या बारकाव्यांवर तो जगला. लाखो माणसं मेली हे मी अनेक ठिकाणी वाचलं होतं. एक माणूस जगायला काय काय खर्च आला, ह्याचा तपशील मला 'माउस'ने दिला. कादंबरी, कॉमिक की चरित्र हा वाद ज्यांना घालायचा त्यांनी घालावा.

अमृता पाटील ह्यांची 'करी', २००८ सालची. नावावरून स्वयंपाकाचं पुस्तक समजून सौ.ने ते दोन दिवस आपल्याकडे ठेवून घेतलं होतं. ही मुंबईतली मुलगी. गच्चीवरून उडी मारते, गटारात पडते आणि गटारामुळेच वाचते. मग रात्री होडी घेऊन शहराच्या गटारांतून फिरते, तुंबलेलं मोकळं करते. ह्या पुस्तकातला जाहिरात कंपनीचा भाग मला कंटाळवाणा वाटला, सगळे जण फार हुशार बोलतात. पण शीव, किंग्ज सर्कल आणि हिंदमाता ह्या त्रिस्थळी यात्रेत ज्याने दर पावसाळ्यात पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली आहे, त्याला ती होडीवाली मुलगी परकी वाटत नाही. आलेलं पाणी कोण भरतं, एवढंच मी आजवर विचारत होतो. गेलेलं पाणी कोण वाहून नेतं, हा प्रश्न ह्या पुस्तकाने त्याच्या शेजारी आणून ठेवला.

मात्र चित्र म्हणजे सत्य, असं कोणी समजू नये. 'अमर चित्र कथा' १९६७पासून घरोघरी आहे, आणि तिच्यातल्या नदीकाठांवर डोक्यावर घागर घेतलेल्या बायका अधूनमधून भेटतात. कॅलेंडरांवर तर भेटतातच. त्या बाईची कंबर दिसते, पैंजण दिसतात, घागरीचं वजन दिसत नाही. भरलेली घागर डोक्यावर असताना मान कशी होते, हे पाहायला चित्रकाराने एकदा आमच्या जिन्यात उभं राहायला हवं होतं. तेव्हा पिंप नुसतं काढून भागत नाही. त्यात पाणी आहे हे बघणाऱ्याच्या खांद्याला कळलं पाहिजे.

हे मला कळलं ते 'भीमायन'मध्ये. २०११ साली दिल्लीहून इंग्रजीत निघालेलं पुस्तक. शब्द श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद ह्यांचे, चित्रं दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम ह्या परधान गोंड चित्रकारांची. ह्या जोडप्याने माणसांना चौकटीत कोंबायचं नाकारलं आहे. पानभर रेषा वाहत जातात. साध्या माणसाच्या बोलण्याला पक्ष्याचा आकार, आणि जातीचं विष ओकणाऱ्या बोलण्याला विंचवाची नांगी. शाळेत तहानलेला भीम नळाला हात लावू शकत नाही. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. मग १९०१ सालचा तो प्रवास: वडील गोरेगावला कॅशियर, मुलं त्यांना भेटायला साताऱ्याहून निघून मसूर स्टेशनवर उतरतात, जात कळल्यावर गाडीवान मिळत नाही, मिळतो तो दुप्पट भाड्याने, आणि बैल पोरांनीच हाकायचे. शिदोरी बरोबर असून रात्र उपाशी जाते, कारण घशाखाली उतरवायला पाणी नाही. कॅशियरचा मुलगा! एका कॅशियरच्या मुलाला रात्रभर कोणी पाणी दिलं नाही, हे वाक्य मी बँकेतल्या माणसाच्या नजरेने चारदा वाचलं.

पुस्तक घरी टेबलावर होतं. आईला इंग्रजी येत नाही आणि कादंबऱ्यांत तिला एरवी रस नाही. 'त्यात आपलं काही नसतं' असं तिचं मत आहे, आणि ह्या लेखात आलेल्या सगळ्या मतांत मला ते जड वाटतं. तिने चष्मा लावून पानं उलटली. त्या तहानलेल्या पोराच्या पानावर थांबली.

"ह्याला कोणी पाणी देत नाही वाटतं," ती म्हणाली.

मी सांगितलं, हे बाबासाहेब.

बराच वेळ ती ते पान बघत होती. मग म्हणाली, "आपल्या नळावर तळमजल्याच्या त्या बाई यायच्या, आठवतं? त्यांचा हंडा पहिला असला तरी त्या शेवटी भरायच्या. कोणी सांगायचं नाही, त्याच थांबायच्या. मला घाई नसली तर मी द्यायची त्यांना." आणि जरा थांबून, "वरून ओतून."

एवढंच बोलून तिने पुस्तक मिटलं आणि ती निवडायला घेतलेल्या मेथीकडे वळली. आमच्या नळावर भाषा तीन आणि देव पाच-पन्नास होते, हे मी वर सांगितलंच आहे. नळ मात्र एक होता, हे विधान आता तपासणीसाठी बाजूला काढून ठेवावं लागेल. एका इंग्रजी पुस्तकातल्या चित्राने, इंग्रजी न येणाऱ्या बाईकडून, चाळीस वर्षांपूर्वीची एक नोंद काढून घेतली. 'छान होतं' ह्या शब्दांत ह्याचं काय करायचं?

शेवटची दोन पुस्तकं नळाच्याही मागे नेणारी. कृष्णात खोतांची 'रिंगाण', जिला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धरणात गाव जातं, माणसं उठतात, आणि मागे राहिलेली म्हैस आणायला देवाप्पा परत तिथे जातो. वेग संथ आहे आणि बोली कान देऊन वाचावी लागते. पहिली तीस पानं मला वडाळा ते मशीद असे चार दिवस लागले. मग ती म्हैस आणि तो माणूस समोरासमोर येतात, आणि आपण आपलं स्टेशन विसरतो. दुसरं, ओरिजित सेन ह्यांचं 'रिव्हर ऑफ स्टोरीज', १९९४चं. भारतातली पहिली ग्राफिक कादंबरी म्हणून त्याचं नाव घेतात. मधली कित्येक वर्षं ते मिळत नव्हतं, २०२२ साली पुन्हा आलं. विषय नर्मदेच्या खोऱ्यातल्या धरणाचा. त्या खोऱ्यात आपल्या नंदुरबार जिल्ह्यातलं मणिबेलीही येतं, तेव्हा हे काही परराज्यातलं प्रकरण नव्हे. त्यात रेलकू नावाची आदिवासी बाई शहरात घरकाम करते. नदीकाठचं गाव सुटलेली बाई शहरात दुसऱ्यांकडे भांडी घासते, ह्यात जे काही आहे ते सेन एका शब्दानेही ओरडून सांगत नाहीत. आमच्या नळाला येणारं पाणी तानसा, वैतरणा, भातशाहून येतं. तानसा तर १८९२ पासून मुंबईला पाणी देतं आहे. पाणी कोण भरतं हे विचारायचं, तर कोणाच्या जागेत साठवलं आहे हेही एकदा विचारावं लागतं.

आता आक्षेप. आमच्या हेड कॅशियर साहेबांचं म्हणणं असं, की चित्रं बघणं म्हणजे वाचन नव्हे, आणि हे परदेशी खूळ आहे. साहेब कुडाळचे. त्यांच्याच तालुक्यातल्या पिंगुळीत ठाकर समाजाचे लोक पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी दाखवत आले. एकामागून एक चित्र समोर धरायचं आणि रामायण-महाभारतातली कथा गाऊन सांगायची. तिथल्या परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. ग्राफिक नॉव्हेल आपल्याकडे कधी आलं असं विचारण्यापेक्षा, ते आपल्याकडून गेलं कधी, असं विचारायला हवं. हे ऐकून साहेबांनी 'बरं, रोकड जुळली का?' असं विचारलं. मोठी माणसं हार अशीच पत्करतात.

माझे स्वतःचे आक्षेप दोन आहेत. पहिला पैशाचा. ही पुस्तकं पाचशे-सातशे रुपयांना पडतात आणि घाई करणारा वाचक ती तासाभरात संपवतो. म्हणजे मिनिटाला दहा रुपये. इतक्या दराने करमणूक मुंबईत फक्त टॅक्सीच्या मीटरवर पाहायला मिळते. उपाय एकच, सावकाश वाचणं. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. मी वर नावं घेतलेली चित्रांची चांगली पुस्तकं सगळी मुळात इंग्रजी आहेत. बाबासाहेबांची तहान, मुंबईचं गटार, नर्मदेचं खोरं, सगळं आपल्या उंबऱ्यातलं, आणि वाचायला मात्र कन्येला हाक मारून शब्दांचे अर्थ विचारायचे. मराठीत चित्रकार कमी नाहीत. आमच्या दिवाळी अंकांची अर्धी विक्री त्यांच्या जिवावर होत आलेली आहे. गिरगावची चाळ आहे, लालबागची खोली आहे, परळची गिरणी होती. हे सगळं रेषेत उतरवून मांडणारी जाडजूड मराठी पुस्तकं वाचनालयाच्या एका पूर्ण फळीवर बसतील एवढी झाली, तर मी माझ्या भविष्य निर्वाह निधीला हात लावायला तयार आहे.

आमच्या इमारतीच्या गच्चीवर आता टाकी आहे. घरात नळ फिरवला की पाणी येतं. तरी आई पहाटे साडेचारला उठते आणि एक कळशी भरून ठेवते. विचारलं तर म्हणते, असू दे.

कादंबरीकारांना माझी एवढीच विनंती आहे. नायिकेला खिडकीत हवी तेवढी उभी करा, पाऊसही मनसोक्त पाडा. फक्त आत मोरीपाशी पिंपावर झाकण ठेवणारं जे कोणी आहे, त्याला एकदा हाक मारा. नाव विचारा, कितव्या मजल्यावर नेतं ते विचारा, आणि त्याच्या मागे रांगेत थांबलेलं कोण आहे तेही पाहून घ्या. बेरीज करायला मी आहे.